ऐकलेली पानं

सुमीतचा फोन आला तेव्हा विभा गॅसपाशी उभी राहून भरली वांगी परतत होती, आणि फोन ठेवला तेव्हा वांग्यांचा कोळसा झाला होता. वांग्यांचं एवढं काही नाही, इथे सौदीत, अल खर्जच्या बाजारात ती ढिगानं मिळतात. पण धाकट्या भावानं नागपुरात बसून आपल्याला फर्मान सोडावं, याचा तिला असा काही संताप आला की तिनं कढई तशीच सिंकमध्ये आपटली.

"काय झालं?" गिरीशनं बाहेरून विचारलं. गिरीश तिचा नवरा. इथल्या एका डेअरीत दूध तपासायचं काम करतो. माणूस शांत, पण करपल्याचा वास आला की उठून येतो.

"सुमीतला बाबांची पेटी पाहिजे."

"मग देऊन टाक की. निम्मी खोली अडवून बसलीय."

"आणि पाठवायच्या आधी त्यातली पानं मी इथेच जाळायचीत म्हणे!"

कुठली पानं हे गिरीशला सांगायची गरज नव्हती. लग्न ठरलं तेव्हा इतर सासरे जावयाला शेतीवाडी दाखवतात. याच्या सासऱ्यांनी ती पेटी उघडून दाखवली होती, आणि म्हणाले होते, "हे सगळं वाच, मग हो म्हण."

तुम्हाला मात्र सांगायला हवं. बारस्कर घराणं क्वेकर. क्वेकर म्हटलं की लोकांना त्या नावाचा ओट्सचा डबा आठवतो, आणि विभाला शाळेपासून ते ऐकून ऐकून कंटाळा आलाय. तर, हे असे ख्रिस्ती की ज्यांच्यात पाद्री नाही, घंटा नाही, गाणं नाही. चार माणसांनी एकत्र बसायचं आणि गप्प राहायचं. आतून काही उमटलं तर बोलायचं, नाहीतर तसंच उठून जेवायला जायचं. विभा सौदीला निघाली तेव्हा बाबा म्हणाले होते, "बघ, किती सोयीचा धर्म आहे. विमानात वजनसुद्धा होत नाही." अल खर्जला आल्यावर विभा-गिरीशचं रविवारचं बसणं शुक्रवारी बसू लागलं, एवढाच काय तो फरक पडला.

नर्मदेकडच्या मुलुखात इंग्रज क्वेकरांचा एक दवाखाना होता. तिथे विभाचे आजोबा, केरू बारस्कर, आधी पट्ट्या धुवायला लागले आणि पुढे शिकून डॉक्टर झाले. मग त्यांचा मुलगा नागेश डॉक्टर झाला, मुलगी शालिनी डॉक्टर झाली, आणि नागेशची ही दोन्ही पोरं, विभा आणि सुमीत, तीही डॉक्टर. केरूआजोबा कलेक्टरलाही 'तुम्ही' म्हणत आणि झाडूवाल्यालाही 'तुम्ही'च म्हणत. कलेक्टरला वाटे, हा 'हुजूर' का म्हणत नाही, आणि झाडूवाल्याला वाटे, साहेब आपली थट्टा करतात. आजोबांना दोघांचंही काही वाटत नसे.

त्यांची आणखी एक खोड होती, आणि ती सगळ्या क्वेकरांची नव्हे हं, खास त्यांची. आपल्या हातून रोग्याचं काही चुकलं की ते त्या घरी जात. निरोप नाही, कंपाउंडर नाही, स्वतः जात. खाली बसून काय चुकलं ते सरळ सांगत. मग ते कागदावर लिहीत, वाचून दाखवत, आणि खाली त्या घरच्या माणसाची सही नाहीतर अंगठा घेत. अंगठा म्हणजे माफी नव्हे. अंगठा म्हणजे एवढंच की ऐकलं. म्हणून घरात त्यांना 'ऐकलेली पानं' म्हणत. बाबांनी तेच केलं, शालिनीआत्यानं तेच केलं, आणि ती सगळी पानं त्या पेटीत कडुनिंबाच्या पाल्यात जपून ठेवलेली होती.

त्यातलं एक विभाला पाठ होतं. आजोबांनी लिहिलं होतं: "बाळंत झालेल्या तुळसाबाईची वार पडायच्या आधीच मी दुसऱ्या गावाला निघालो. घाई होती. ती रक्त जाऊन गेली. मी थांबायला हवं होतं." खाली तिच्या नवऱ्याच्या वाकड्यातिकड्या अक्षरात होतं: "ऐकलं. माफ केलं नाही."

बाबा शेवटची काही वर्षं विभाकडे येऊन राहिले, तेव्हा स्वतःचे कपडे मागे टाकून त्यांनी ही पेटी आणली. इथल्या कोरड्या हवेत वाळवी नाही, बुरशी नाही, कागद छान राहतो, असं ते म्हणायचे. खरं कारण वेगळं होतं. "सुमीतच्या भिंती फार चकचकीत आहेत," ते एकदा बोलून गेले होते.

आणि आता त्याच चकचकीत भिंतींवर सुमीतला आजोबा टांगायचे होते. नागपुरातलं त्याचं हॉस्पिटल म्हणजे केवढं मोठं प्रस्थ! त्याच्या तळमजल्यावर 'केरू बारस्कर स्मृतिदालन' होणार होतं. त्या दवाखान्यातल्या इंग्रज डॉक्टरीणबाईंची पत्रं, आजोबांचा चष्मा, आईबाबांच्या लग्नाचा तो मोठा कागद, ज्यावर क्वेकर रिवाजाप्रमाणे लग्नाला आलेल्या झाडून सगळ्यांनी, पोराटोरांनीसुद्धा, सह्या ठोकल्या होत्या. हे सगळं काचेत. पानं मात्र नकोत. सुमीतचा वकील म्हणाला होता की असले कागद म्हणजे गळ्यातली धोंड.

"हे मी एकट्यानं ठरवत नाही, तू म्हणशील तर घरची सभा घेऊ," सुमीत शेवटी म्हणाला होता.

"घ्यावीच लागेल," विभा म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. मग काय, वांगी!

शुक्रवारी सभा बसली. अल खर्जच्या फ्लॅटमध्ये विभा आणि गिरीश, नागपुरात सुमीत, आणि इटारसीत शालिनीआत्या. आत्या फोन नाकाजवळ धरते, त्यामुळे पडद्यावर तिचं नुसतं कपाळ दिसतं. पण सभा चालवायची ती तिनंच. बारस्करांच्यात मतं मोजत नाहीत. सगळ्यांचं एक होईपर्यंत बसायचं, आणि एक जण जरी मनापासून म्हणाला की मी अडवतो, तरी गाडी तिथेच थांबते. सून असो, जावई असो, ज्याला अडवायचं त्यानं अडवावं.

बराच वेळ सगळे गप्प बसले. खालून पाण्याचा टँकर गेला. मग सुमीत बोलला, आणि खोटं कशाला बोला, वाईट बोलला नाही. "आत्या, माझ्याकडे लोक विश्वासानं येतात. त्या दालनात उभं राहून कुणी बाबांचं पान वाचेल आणि म्हणेल, अरे, यानं तर माणूस मारला. त्याचा फोटो काढेल, जगभर फिरवेल. ते ऐकायला बाबा नाहीत, मी आहे. माझ्या बापाला कुणी खुनी म्हटलेलं मला नाही सहन होणार."

"बाबांनी स्वतः जाऊन सांगितलं होतं ते," विभा म्हणाली. "त्यांना लाज वाटली नाही, तुला कसली वाटते?"

"तो जमाना वेगळा होता."

"चूक झाली की पोट तेव्हाही दुखायचं आणि आताही दुखतं. पेटी पाठवायची तर अख्खी जाईल. नाहीतर जाणार नाही. मी अडवते."

"अडवणारच तू!" सुमीत उसळला. "मोठी आली पानांची राखणदार! आजोबांची आहेत, बाबांची आहेत, आत्याचीही आहेत. तुझं कुठाय, ताई? तुझं एक तरी पान दाखव. की इतक्या वर्षांत तुझ्या हातून चूकच झाली नाही? मी निदान तोंडावर सांगतो की हे मला झेपत नाही."

गिरीशनं मान खाली घातली, कारण त्याला ठाऊक होतं.

"सभा थांबवते मी," आत्याचं कपाळ म्हणालं. "विभा, तुझं तू बघ. मग बोलू."

आता ते काय होतं तेही सांगते. विभा लहान मुलांची डॉक्टर. खाजगी इस्पितळात तिची ओपीडी असते. शाळा सुरू झाल्या की पोटं बिघडलेल्या पोरांची ही रांग लागते! त्या दिवशीही तशीच लागली होती, आणि त्यातच झयान नावाचा चार वर्षांचा मुलगा आला. ताप, उलट्या, पोटात दुखतंय. त्याची आई अरवा म्हणत होती, "डॉक्टर, हे नेहमीसारखं नाही. हा असा रडत नाही." विभानं मान डोलवली, औषध लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं. कंप्युटरमध्ये तपासणीची वाक्यं तयार असतात. एक कळ दाबली की भरून येतात: छाती साफ, पोट मऊ. तिनं कळ दाबली. पोटाला हात लावलाच नाही.

पोराचं अपेंडिक्स फुटलं. दुसऱ्या इस्पितळात ऑपरेशन झालं, बरेच दिवस तो आयसीयूत होता. वाचला बिचारा. विभाचा जीव भांड्यात पडला, पण पुरता पडला नाही. तिनं तक्रार विभागातल्या अफनानला विचारलं होतं, मी त्या घरी जाऊ का? अफनान गुणी मुलगी आहे. घाबरून म्हणाली, "डॉक्टर, एक शब्द बोलू नका. लहान मुलांत हे कुणाच्याही लक्षात येत नाही. कागदावर सगळं बरोबर आहे, त्यांनी तक्रारही केलेली नाही. खलास!"

आणि विभानं ते ऐकलं होतं. नोकरी, लायसन्स, इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना, डोळ्यांसमोर सगळ्यांची माळ लागली आणि ती गप्प बसली. केरू बारस्करांची नात, आणि खलास म्हटल्यावर खलास!

सभा मोडल्यावर ती बराच वेळ सोफ्यावर बसून होती. गिरीशनं चहा आणून ठेवला. "सुमीतनं वर्मावर बोट ठेवलं," तो म्हणाला.

"ठेवू दे. बोट काढून घ्यायला लावते त्याला."

"विभा, भावाला दाखवायला जाणार असशील तर जाऊ नकोस."

हे मात्र तिला लागलं. तिनं चहा तसाच ठेवला आणि टेबलाशी जाऊन बसली. साधं इंग्रजी, एकच कागद. अरवा मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवते हे तिला माहीत होतं. "मी झयानच्या पोटाला हात लावला नाही. लावला असं कंप्युटरवर लिहिलं. त्याच्या आईनं मला सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही." 'पण' या शब्दानं सुरू होणारं एक वाक्य तिनं लिहिलं आणि खोडलं. मग खोडलेलं दिसू नये म्हणून कागद बदलला. आजोबांच्या पानांत 'पण' कुठेच नव्हता.

शनिवारी दुपारच्या नमाजानंतर ती स्वतः गाडी चालवत झयानच्या घरी गेली. गिरीश येतो म्हणाला, तिनं नको म्हटलं. वाटेत दोनदा वाटलं की मागे फिरावं. सिग्नलला मागचा माणूस यल्ला यल्ला, चल चल, करून हॉर्न बडवत होता म्हणूनच ती पुढे गेली म्हणा ना.

अरवानं दार उघडलं आणि तिचा चेहरा आक्रसला. तरी तिनं आत घेतलं, बायकांच्या बैठकीत बसवलं, कॉफी आणि खजूर पुढे ठेवले. झयान येऊन सदरा वर करून टाक्यांचा व्रण दाखवून गेला. त्याला त्याचं भारी कौतुक होतं.

विभानं कॉफीला हात लावला नाही. तिनं कागद काढला आणि वाचला. दवाखान्यातल्या मोडक्यातोडक्या अरबीतही सांगितलं, काही सुटायला नको म्हणून.

विभाला वाटलं, आता ही आरडाओरडा करणार. केला असता तर बरं झालं असतं.

"माझ्या नवऱ्यानं इस्पितळाचे कागद आणले होते," अरवा म्हणाली. "त्यात लिहिलं होतं, पोट मऊ. मी म्हणाले, डॉक्टरनं हातच लावला नव्हता. तो म्हणाला, तू घाबरली होतीस, तुला आठवत नसेल. माझी आई तेच म्हणाली. सासू म्हणाली, तूच उशिरा नेलंस. रोज म्हणतात. मलाही वाटायला लागलं होतं की मीच उशिरा नेलं." तिचे डोळे भरून आले, आणि तिनं ते रागानं पुसले. "मी उशिरा नेलं नव्हतं."

"नाही," विभा म्हणाली. "तुम्ही वेळेवर आणलं होतं. उशीर मी केला."

"हे लिहा. हेही लिहा त्यात."

विभानं लिहिलं. मग खालची मोकळी जागा दाखवून तिनं घरची रीत सांगितली. सही म्हणजे माफी नव्हे, नुसतं ऐकलं. हा कागद आमच्या घरी एका पेटीत राहतो, आजोबांपासून.

अरवानं पेन घेतलं. अरबीत, उजवीकडून डावीकडे एकच शब्द लिहिला: ऐकलं. सही केली. मग कागदाची घडी घातली आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवून दिली.

"अहो, ते पेटीत..." विभा म्हणाली.

"हे कुणाबद्दल आहे?"

"झयानबद्दल."

"मग झयानच्या घरी राहील. तुमच्या पेटीत ठेवून माझ्या सासूला कसं दिसणार?"

विभाला एकदम तुळसाबाईचा नवरा आठवला. त्यालाही गावानं म्हटलं असेल, तूच उशिरा नेलंस. आणि ज्या कागदावर खरं लिहिलं होतं तो आजोबांनी वाचून दाखवला, खाली 'ऐकलं' लिहून घेतलं, आणि घडी घालून बरोबर नेला. त्याच्या हातात काय उरलं? देवमाणूस म्हणून आजोबांची पूजा बांधत आली होती ती जन्मभर, आणि आज पहिल्यांदा तिला त्यांचाही राग आला.

"तुम्ही तक्रार करणार?" तिनं दारात विचारलं.

"माहीत नाही. केली तर?"

"तर मी तिथेही हेच सांगेन. शब्द बदलणार नाही."

अरवानं मान हलवली. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही, आणि विभानंही विचारलं नाही.

गाडीत बसल्या बसल्याच तिनं सुमीतला आणि आत्याला एकत्र व्हिडिओ कॉल लावला.

"सुमीत, माझंही एक पान झालं, आत्ता त्या घरी वाचून आले. आता पेटी पाठवते. पत्रं घे, चष्मा घे, लग्नाचा कागद घे. पानं मिळणार नाहीत."

"म्हणजे तूच ठेवणार?"

"छे! ज्यांची त्यांना देणार. सुट्टीत येतेय मी. एकेक गाव घेणार, घर सापडेल तिथे द्यायची. तुळसाबाईचं कुणी असेल तर पहिलं तिथे जाणार."

"तुला वेड लागलंय का?" सुमीत ओरडला. "जाळ म्हटलं तर वाटायला निघालीस! मी अडवतो. ऐकलंस ना आत्या? एकमत नाही. मी अडवतो!"

पडद्यावरचं कपाळ जरा मागे गेलं आणि पहिल्यांदाच आत्याचा अख्खा चेहरा दिसला.

"आपल्या वस्तूचं काय करायचं, त्यासाठी सभा असते," आत्या म्हणाली. "लोकांची वस्तू लोकांना परत करायला कसली रे सभा? आम्हाला मेल्यांना इतकी वर्षं सुचलं नाही. विभा, माझीही पानं काढून ठेव. मी येते बरोबर. गुडघ्यांचं बघून घेईन."

सुमीत पुन्हा बोलला तेव्हा आवाजातला साहेब गेला होता. "ताई, बाकीच्यांचं सोड. तू तिथे परक्या देशात आहेस. तुझं ते नवं पान तरी फाडून टाक ना. नोकरी जाईल गं तुझी."

"माझं पान अरवाच्या पर्समध्ये आहे," विभा म्हणाली आणि तिनं गाडी सुरू केली. "जा, तिथून काढून दाखव."